रंगाची मोकळीक आणि रेषेची साक्ष

गेल्या श्रावणात आम्ही ओल्या कागदावर निळा व हिरवा रंग सोडला आणि वर मीठ भुरभुरले. मीठ पाणी शोषते, त्याच्याकडे रंग ओढला जातो, आणि कागद वाळल्यावर फिक्या चांदण्या उमटतात. त्या कोठे उमटतील हे काढणाऱ्याच्या हाती नसते. कागद पुरता वाळल्यावर त्यावर आम्ही अंगणातल्या बेलाची डहाळी शाईने रेखाटली. मधल्या दळाचा देठ लांब, बाजूची दोन दळे जवळजवळ बिनदेठाची, बेचक्यात काटा. एका दळाची कड मात्र किडीने खाल्लेली होती. तेथे मागचा रंग मळकट दिसू लागला. म्हणून ती कड आम्ही आपल्या मनाने पुरी केली.

देवळातील पुजारीबुवांनी चित्र पाहिले व म्हणाले, "वकीलसाहेब, चित्र सुरेख झाले. पण यंदा तुमच्या झाडावर एवढे अखंड पान कोठे मिळाले? मला तर पूजेसाठी शोधावे लागते."

आम्ही निरुत्तर झालो. पूजेसाठी अखंड पान निवडणे ही श्रद्धा आहे. निवडणारा खंडित पानाला अखंड म्हणत नाही. आम्ही मात्र तेच केले होते.

यावर कोणी म्हणेल, बेलामागे तसले निळे आकाश तरी कोठे होते? मग दोष एकट्या रेषेलाच का? आमचे उत्तर आमच्या व्यवसायातूनच येते. वकिलाला युक्तिवादात मोकळीक असते, साक्षीदाराला साक्षीत नसते. मागचा रंग 'असे होते' असा दावा करीत नाही, म्हणून तो यदृच्छेवर सोडता येतो. झाडाची रेषा तो दावा करते, म्हणून ती बांधलेली आहे.

ही बांधिलकी आपल्याकडे जुनी आहे. 'होर्तुस मलाबारिकुस' हा मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. कोचीचे डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यांना त्या कामी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोंकणी वैद्यांनी साहाय्य केले. 1675 साली त्यांनी दिलेले नागरी लिपीतील कोंकणी साक्षपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. त्यातील झाडांच्या चित्रांमागे रंग नाही. कोरा कागद आहे. पण झाडाविषयी सांगणाऱ्याने आपल्या सांगण्याखाली नाव घालावे, हे त्या वैद्यांनी जाणले होते.

मोकळीक वाईट नव्हे. ती कोठे संपते हे न ओळखणे वाईट. सौंदर्याच्या आग्रहाने आपण चित्रातच नव्हे, तर कुळाच्या, देवस्थानाच्या आणि स्वतःच्या इतिहासातही अशा किती खाल्लेल्या कडा पुऱ्या करतो!

शाई खोडता येईना. आम्ही नवा कागद भिजविला. तोवर ती डहाळी सुकली होती. म्हणून दुसरी आणली. तिच्या पानालाही भोक होते. यावेळी ते आम्ही तसेच ठेवले.