सांभाळून घेणे

एखाद्याला आपण कौतुकाने ‘तालाचा पक्का’ म्हणतो, तेव्हा ताल ही त्याची खाजगी मिळकत असावी असा आपला समज असतो. खिशात घड्याळ असावे तसा ताल त्याच्या अंगात असतो, आणि तो घेऊन तो कोणाच्याही बैठकीत जाऊन बसू शकतो! मला हे थोडे खटकते. एकट्याने ताल सांभाळणे फारसे अवघड नाही. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, की १६ मात्रांचा त्रिताल हातावर बसू लागतो. खरी पंचाईत सुरू होते ती दुसरा माणूस शेजारी येऊन बसला म्हणजे. त्याच्याही खिशात एक घड्याळ असते ना!

मी पुष्कळ वर्षे पेटीवर लेहरा धरीत आलो आहे. लेहरा म्हणजे एका आवर्तनात बसणारी चार सुरांची ओळ. तबलजी एकटा वाजवायला बसला की ती ओळ अर्धा अर्धा तास तशीच फिरवीत राहायचे. तो पेशकार मांडील, कायदा उलगडील, रेल्याचा पाऊस पाडील. पेटीवाल्याने मात्र काही म्हणजे काही करायचे नाही. श्रोत्यांपैकी कोणी त्याच्याकडे पाहत नाही, आणि पाहू लागले तर समजावे की काहीतरी बिघडले आहे. तबलजी तिहाईत अडखळला, सम त्याच्या हातून निसटली, तरी लेहऱ्याने त्याच्या मागे धावता कामा नये. लेहरा त्याच्याबरोबर वाहवला, तर बिचाऱ्याने परत यायचे कुठे? घर हरवलेल्या मुलाला शोधायला घरच निघाले, असा तो प्रकार होईल. तेथे न हलणे हीच माया.

ख्यालाच्या साथीला मात्र अगदी उलटा न्याय. विलंबित एकतालात मात्रा अशा लांबलेल्या असतात, की दोन मात्रांमध्ये माणूस सुपारी कातरून घेईल. तबलजी ठेका धरून गायकाच्या तोंडाकडे पाहत असतो. गायक भरात येऊन समेवर केसभर आधी उतरला, तर जाणता साथीदार त्याला उघडे पाडीत नाही. तोही केसभर आधी तेथे जाऊन उभा राहतो. आपल्याकडे याला फार सुंदर शब्द आहे, सांभाळून घेणे. ठेका धरण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी एवढेच आठवावे, की अहमदजान थिरकवाँ यांच्यासारखा एकल वादनातला बादशहा गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करीत असे.

पण सांभाळून घेणे हे खोटे बोलणे नव्हे काय? हा प्रश्न मला एरवी सुचला नसता. आमच्या भजनी मंडळाने तो समोर आणून ठेवला. मृदंगाला बसणारे आमचे आजोबा पंचाहत्तरी ओलांडलेले. हाताचा नाद अजून गोल; पण दोनतीन वर्षांत लय उतरत गेली. कोणी ठराव केला नाही, कोणी कोणाला खुणावले नाही. त्यांच्याबरोबर टाळही हळू झाले, गळेही हळू झाले. सगळ्यांना हे कळत होते आणि कोणी बोलत नव्हते. बोलला तो एकटाच, सोळा वर्षांचा, आजोबांच्याच हाताखाली मृदंग शिकणारा मुलगा. तो म्हणाला, “पूर्वी बैठकीत बारा अभंग व्हायचे, आता नऊ होतात. तुम्ही सगळे त्यांना फसवता. आणि मी खरी लय शिकायची कोणाकडून?”

वडीलधाऱ्यांनी त्याला गप्प केले. मला ते आवडले नाही. पोराचा प्रश्न उद्धट असेल, पण पोकळ नव्हता. लेहरा धरणारा माणूस या नात्याने माझे मन त्याच्या बाजूचे होते.

हायगेन्स या डच शास्त्रज्ञाची एक हकीकत आहे. १६६५ साली आजारपणात खोलीत पडून असताना त्याच्या लक्षात आले, की एकाच तुळईला टांगलेली त्याची दोन लंबकांची घड्याळे अर्ध्या तासात एकमेकांशी ठोका जुळवून घेतात. लंबक मात्र एकमेकांच्या उलट दिशेने हलत असतात. घड्याळे दूर नेली की मेळ मोडे. दुवा होता तो तुळईचा. दोघांच्या हेलकाव्यांनी ती किंचित थरथरत होती. यात मला मौज वाटते ती अशी, की कोणते घड्याळ खरे हा प्रश्नच तेथे उरत नाही. दोघेही थोडे थोडे सरकलेले. आणि नुसते कानाने म्हणाल, तर तंतोतंत एकत्र वाजवणे आपल्याला कधीच साधणार नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे लांब दिंडीत ३४ मीटर मागे चालणाऱ्या टाळकऱ्याला मृदंगाची थाप सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचते. तो ‘आत्ता’ म्हणतो ते पुढच्याचे ‘मघाशी’ असते!

तेव्हा मी मुलाला बाजूला घेऊन एवढेच विचारले, की आजोबांची मात्रा कधी गळली आहे काय? त्याने प्रामाणिकपणे विचार केला आणि नाही म्हणाला. आवर्तन पुरे, सम जागेवर, खाली जागेवर. माझ्या मते सारे मर्म येथे आहे. मात्रा मोजून ठरलेल्या असतात. त्या कोणाच्या भिडेखातर कमी होत नाहीत, आणि आजोबांची मात्रा गळली असती तर मी टाळ थांबवले असते. लय मात्र बसलेल्या माणसांनी मिळून ठरवायची असते. ती हळू झाली म्हणून खोटी होत नाही. केसभर आधी आलेल्या गायकाला सांभाळणारा तबलजी या हिशेबात कुठे बसतो, हे मात्र मला अजून नीट लावता आलेले नाही. तो बहुधा कुंपणावर बसतो.

मुलाचे समाधान झाले असे म्हणवत नाही. “पण तीन अभंग गेलेच ना?” असे तो म्हणाला, आणि ते खरेच होते. पुढच्या एकादशीला मंडळाने ते तीन अभंग परत घातले; लय तीच ठेवली. पूर्वी दहाला होणारी आरती आता पावणेअकराला होते, आणि चहाचे आधण दोनदा ठेवावे लागते.