नकाशाच्या आधी

विकास आराखडा तयार झाला की वर्तमानपत्रात एक चौकट येते. प्रारूप आराखडा अमुक कार्यालयात कामकाजाच्या वेळेत पाहण्यास ठेवला आहे, नागरिकांनी मुदतीत लेखी हरकती व सूचना नोंदवाव्यात. ही चौकट म्हणजे लोकशाहीने मिळवलेली मोठी गोष्ट आहे, कारण सव्वाशे वर्षांपूर्वी असे कोणी कोणाला विचारत नव्हते. पण वसई-विरारसारख्या गावात ती वाचताना प्रश्न पडतो की विचारले नेमके कोणाला? इथला अर्धाअधिक नोकरदार सकाळी अंधारात गाडी धरतो आणि रात्री अंधारातच घरी येतो. चर्चगेट विरारपासून ६० किलोमीटर. बसायला जागा मिळो न मिळो, दीड तासाच्या आसपास प्रवास जाताना आणि तेवढाच येताना. कार्यालयाच्या ‘कामकाजाच्या वेळेत’ तो गावात नसतोच.

रहिवाशांना सोबत घेऊन गाव सुधारायचे, हा विचार आज सगळ्यांच्या तोंडी आहे. तो कुठून आला, कसा वाढला आणि कुठे अडला, हे पाहिल्याशिवाय वाढत्या किनारी गावांचे काय करायचे ते समजणार नाही, असे मला वाटते.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये सुधारणा म्हणून बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती म्हणजे रोगाचे घर, म्हणून वस्ती पाडा, रुंद रस्ता काढा, हवा खेळू द्या, ही त्या काळची पद्धत. रस्ते झाले, त्यातले काही आजही कामाचे आहेत. पण पाडलेल्या चाळीतला माणूस कुठे गेला, तो शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागला का, हा प्रश्न योजनेच्या कक्षेबाहेरच राहिला. रहिवासी हा तेव्हा हलवायचा आकडा होता.

या पद्धतीला पहिला विचारपूर्वक विरोध केला तो पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश माणसाने. मूळचा जीवशास्त्रज्ञ. १९१४ मध्ये तो हिंदुस्थानात आला, मुंबई इलाख्यातल्या सहा गावांवर त्याने अहवाल लिहिले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. गेडिसचा आग्रह साधा होता. आधी गाव पायी फिरा, कुठली विहीर वापरात आहे, कुठल्या झाडाखाली बायका बसतात, पाणी कुठून उतरते ते पाहा. मग निदान करा आणि शेवटी जेवढी गरज आहे तेवढेच कापा. इंदूरला त्याने दिवाळीत मिरवणूक काढली. ती कुठल्या रस्त्याने जाणार हे आधी ठरवले नव्हते. जो भाग घरे आणि गल्ल्या उत्तम स्वच्छ करील त्या भागातून ती जाईल, एवढेच जाहीर केले, आणि प्लेगने घाबरलेल्या शहरात लोक झाडू घेऊन बाहेर पडले. रहिवाशाला आपल्या गल्लीबद्दल काही ठाऊक असते आणि त्याच्या हातून काही घडू शकते, या दोन गोष्टी गेडिसने इथे दाखवल्या.

कायद्याने मात्र गेडिसचा क्रम उलटा केला. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५चा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६चा आणि आपले आराखडे आजही त्याच्या चौकटीत होतात. या कायद्यात लोकांना स्थान आहे. आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो तेव्हा सूचना मागवल्या जातात. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती येतात आणि नियोजन समिती सुनावणी घेते. कागदावर हे नेटके दिसते. पण इरादा जाहीर होतो तेव्हा समोर काहीच नसते, त्यामुळे बोलायचे कशावर ते कळत नाही. आणि प्रारूप येते तेव्हा सगळे ठरलेले असते, त्यामुळे बोलता येते ते फक्त विरोधात. माझ्या घरावर रस्त्याची रेघ आली, माझ्या शेतावर आरक्षण पडले, एवढेच माणूस सांगू शकतो. गावाबद्दल त्याला जे ठाऊक आहे ते सांगण्यासाठी अर्जात रकाना नसतो. कायद्याने रहिवाशाला हरकतदार केले, जाणकार केले नाही.

ही अडचण केवळ आपली नव्हती. १९६९ मध्ये शेरी अर्नस्टाइन या अमेरिकन बाईंनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या पायऱ्यांवर लोकांची समजूत घातली जाते, मधल्या पायऱ्यांवर माहिती दिली जाते आणि मत विचारले जाते, वरच्या पायऱ्यांवर लोकांच्या हाती निर्णय येतो. मधल्या पायऱ्यांना त्यांनी देखावा म्हटले. विचारले जाते, पण विचारल्याने काही बदलेल याची हमी नसते. आपल्या सुनावण्या बहुतांशी याच मधल्या पायऱ्यांवर आहेत.

वसईत हा विचार पुस्तकातून आला नाही, पाण्यातून आला. रेल्वेच्या पश्चिमेच्या वाड्यांमध्ये विहिरी आहेत आणि बावखले आहेत. बावखल म्हणजे वाडीत खणलेले तळे. पावसाळ्यात ते तुडुंब भरते, ते पाणी हळूहळू जमिनीत मुरते आणि शेजारच्या विहिरी उन्हाळ्यातही गोड राहतात. केळी, पानवेल, भाजी, फुले या सगळ्याची तहान या व्यवस्थेने भागवली आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत येऊ दिले नाही. ऐंशीच्या दशकात पूर्वेला इमारती उभ्या राहू लागल्या आणि त्यांना पाणी पुरवायला टँकर याच विहिरींवर येऊ लागले. बावखले बुजवून प्लॉट पडू लागले. त्यातून हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे एक प्रमुख आवाज होते. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. आंदोलनाची मागणी हिरवळीची होती, पण तिच्या तळाशी ज्ञान होते. बावखल बुजवले की विहीर खारट होते, हे वाडीतल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. नकाशावर मात्र बावखल एकतर दिसत नव्हते किंवा रिकामी जमीन म्हणून दिसत होते.

राज्य सरकारने १९९० मध्ये या पट्ट्याच्या नियोजनाचे काम सिडकोकडे दिले. २००१ ते २०२१ या काळासाठीचा आराखडा मंजूर झाला फेब्रुवारी २००७ मध्ये. वीस वर्षांची योजना आणि त्यातली सहा वर्षे मंजुरीतच सरलेली. या सहा वर्षांत किती इमारती उभ्या राहिल्या असतील! ज्या गावाची रोज वाढ होते, तिथे उशीर हा स्वतःच एक निर्णय असतो, आणि तो बिनहरकत मंजूर होतो.

दरम्यान देशात विचार पुढे गेला होता. ७४वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या. केरळने १९९६ मध्ये जनयोजना मोहीम सुरू केली, राज्याच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे दिला आणि मग ग्रामसभांना सांगितले की ठरवा. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून लोक अंदाजपत्रकाच्या एका भागावर चर्चा करून कामे ठरवत होते. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांकडून कामे मागवायला सुरुवात केली. पदपथ, दिवे, बसथांबे अशी ही कामे. या सगळ्यांत एक नवी समज होती. लोकांना नुसते मत विचारून भागत नाही, थोडा पैसा त्यांच्या शब्दाला जोडावा लागतो. ज्या सभेत पैसा ठरतो त्या सभेला माणूस वेळ काढून येतो.

किनाऱ्यासाठी सगळ्यात बोलका धडा गोव्याने दिला. २०११ सालासाठीची प्रादेशिक योजना लोकांनी रस्त्यावर उतरून हाणून पाडली, सरकारला ती २००७ मध्ये मागे घ्यावी लागली. मग वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्यासह नवी समिती बसली आणि २०२१च्या योजनेचे गाववार नकाशे पंचायतींकडे पाठवले गेले. ग्रामसभांत लोकांनी ओढे, खाजण शेती, डोंगरउतार, देवराया बोट ठेवून दाखवल्या. गेडिसचा क्रम इथे काही काळ सुलट झाला. पण अंतिम नकाशे आले तेव्हा आम्ही सांगितले ते यात कुठे आहे, असे अनेक गावांनी विचारले आणि २०१२ मध्ये नव्या सरकारने योजनाच स्थगित ठेवली. लोकांनी सांगितलेल्या गोष्टीचे पुढे काय झाले याचे लेखी उत्तर मिळाले नाही, तर आधी विचारल्याचे पुण्यही वाया जाते.

आता पुन्हा वसईकडे येऊ. २००९ मध्ये चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. गावांनी विरोध केला, २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा निर्णय झाला आणि तो वर्षानुवर्षे न्यायालयात अडकला. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती बारा लाखांवर गेली होती. म्हणजे एकाच पालिकेत दोन रहिवासी आहेत. एक वाडीतला, ज्याला जमिनीची आणि पाण्याची पिढीजात जाण आहे. दुसरा नालासोपाऱ्याच्या चौथ्या मजल्यावरचा, कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून आलेला, बहुतेकदा भाड्याचा. त्याला गावाचे पाणी माहीत नाही, पण स्टेशनचा पूल, रिक्षाची रांग, न पेटणारा दिवा आणि तुंबणारी गल्ली त्याच्याइतकी कोणालाच माहीत नाही. आंदोलने पहिल्याने केली, गर्दी दुसऱ्याने सोसली, आणि दोघे एका टेबलाशी क्वचितच बसले.

पावसाने मात्र त्यांना एकत्र आणले. तुंगारेश्वरच्या डोंगरावरचे पाणी पश्चिमेला खाडीकडे आणि समुद्राकडे जाते. वाटेत रेल्वेचा बांध आडवा आहे, त्यातल्या मोऱ्यांतून ते वाट काढते, पुढे सखल जमिनी आणि मिठागरांत पसरते. या जमिनींवर भराव पडला, नाले अरुंद झाले. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसचे दिवस पाण्यात राहिले, नालासोपाऱ्याला रूळ बुडून लोकल बंद पडली, मिठागरात राहणारी कुटुंबे अडकली. पूर्वेच्या फ्लॅटमधल्या माणसाला तेव्हा उमगले की पश्चिमेचे बावखल हा केवळ वाडीवाल्यांचा हट्ट नव्हता. गल्लीतली सुधारणा गल्लीत संपत नाही. एका सोसायटीने पेव्हर ब्लॉक टाकून आवार उंच केले की पाणी शेजारच्या तळमजल्यात शिरते. म्हणून छोटी कामे लोकांनी सुचवायची आणि मोठा नकाशा तज्ज्ञांनी करायचा, ही वाटणीच टिकत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की लोक स्वार्थी असतात, प्रत्येकाला रस्ता हवा पण दुसऱ्याच्या जमिनीतून. हे खरे आहे. पण हरकतीच्या अर्जात स्वार्थच लिहिता येतो, कारण तिथे माणूस एकटा असतो. दहा माणसे एकत्र नाल्याच्या काठाने चालली की बोलणे बदलते. अमुक मोरी गाळाने भरली आहे, इथे पूर्वी वाट होती, या कोपऱ्यावर संध्याकाळी मुली थांबत नाहीत, असे प्रत्येक जण सांगू लागतो आणि दुसऱ्याचे ऐकावेही लागते. तज्ज्ञाची गरज याने कमी होत नाही. उतार मोजायला, मोरीचा व्यास ठरवायला अभियंता हवाच. फक्त त्याला काय मोजायचे ते आधी कळते.

दुसरा आक्षेप असा की नगरसेवक आहेत, मग हे वेगळे कशाला? जून २०२० मध्ये इथल्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे पालिका प्रशासकाच्या हाती राहिली. त्या काळात रहिवाशाकडे तक्रारीच्या अर्जाखेरीज काही उरले नव्हते. निवडणूक आवश्यकच आहे, पण पाच वर्षांतून एकदा दिलेल्या मतावर गल्लीतल्या पाण्याचा निचरा ठरत नाही.

मग करायचे काय? चाकरमान्यांच्या गावात सहभागाची वेळ चाकरमान्याची असली पाहिजे. नकाशे पालिकेच्या इमारतीत न ठेवता रविवारी सकाळी स्टेशनबाहेर, भाजी मंडईजवळ, चर्चच्या आवारात, शाळेच्या मैदानावर मांडावेत. दिवसभर गावात कोण असते तेही ध्यानात घ्यावे. घरकाम करणाऱ्या बाया, म्हातारी माणसे, शाळकरी मुले, मिठागरातले मजूर, मासळी विकणाऱ्या कोळिणी ही खरी दिवसाची वस्ती. पदपथ आणि दवाखाना यांच्याबद्दल पहिला शब्द त्यांचा. सभेला येण्यासाठी मालमत्ता कराची पावती मागू नये. भाडेकरूही त्याच गल्लीतून चालतो. प्रत्येक प्रभागाला ठरावीक रक्कम द्यावी आणि तिचे काम तिथल्या लोकांनी ठरवावे. आणि प्रत्येक सूचनेला उत्तर मिळावे: घेतली, नाही घेतली, का नाही.

हे काही स्वप्न नाही. यातला एकेक तुकडा इंदूर, केरळ, पुणे, गोवा इथे करून पाहिला गेला आहे. राहिले आहे ते सगळे तुकडे एका क्रमात लावणे. आधी चालणे, मग ऐकणे, मग मोजणे, मग रेघ मारणे, आणि रेघेसोबत उत्तर देणे. पालघर किनाऱ्यावर आज डहाणूपर्यंत लोकल जाते. वसईत जे उशिरा कळले ते सफाळे, केळवे, पालघर, बोईसर इथे वेळेत करता येईल. तिथल्या विहिरी अजून गोड आहेत तोवर त्या नकाशावर यायला हव्यात, आणि त्या कुठे आहेत हे तिथे राहणाऱ्यालाच विचारावे लागेल.