प्रसाद आणि भुलीचा उपवास



चाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभे राहून मी शरणागती सांगितली. तिचा अर्थ मात्र गेल्या वर्षी इस्पितळाच्या खाटेवर उमगला.

पित्ताशयात खडे झाले होते. वय ७४, वीस वर्षांची साखर, त्यात हृदय अधू. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी आदल्या दिवशी सगळी विचारपूस केली आणि स्पष्ट सांगितले, "बाबा, तुम्हाला भूल देण्यात जोखीम जास्त आहे. मध्यरात्रीनंतर काही खाऊ नका." मी मनात म्हटले, जन्मभर एकादश्या केलेल्याला उपवास काय शिकवता!

पहाटे आमचा टाळकरी पंढरपूरहून प्रसादाचा पेढा घेऊन आला. प्रसादाला नाही कसे म्हणावे? मस्तकी लावला आणि खाल्ला. दोन तासांनी बाई आल्या. "बाबा, रात्रीपासून पोटात काही गेलंय?" टाळकऱ्याने डोळ्यांनी खुणावले, गप्प राहा. मुलाची रजा संपत आली होती. माझ्याही जिभेवर 'नाही' आले होते. प्रसाद म्हणजे काही खाणे नव्हे, अशी पळवाटही सापडली होती. पण समोरची ही लेक माझा श्वास सांभाळणार होती. म्हणालो, "पेढा खाल्ला." शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर गेली. मुलगा संध्याकाळपर्यंत बोलला नाही.

बाईंनी कारण समजावले. जागेपणी घशात पहारेकरी असतो. घास वाट चुकला तर ठसका लागतो. भुलीत तो पहारेकरीही झोपतो. पोटातले अन्न आणि आम्ल वर येऊन फुप्फुसात उतरू शकते. साखरेच्या रोग्याचे पोट पुष्कळदा सावकाश रिकामे होते, म्हणून त्याला भय अधिक. १९४६ साली न्यूयॉर्कच्या डॉ. कर्टिस मेंडेल्सन यांनी ४४,०१६ बाळंतपणांचा अभ्यास मांडला. त्यांत भुलीखालच्या ६६ स्त्रियांच्या बाबतीत असे घडले होते. दोघी तर अन्न अडकून गुदमरून गेल्या.

एकादशी चुकली तर पांडुरंग पोटात घालतो. फुप्फुस काही पोटात घालत नाही. पेढा प्रसादाचा की दुकानातला, हे त्याला कळत नाही.

कोणी विचारील, ज्याने भार विठ्ठलावर टाकला त्याने डॉक्टरला एवढे सांगत का बसावे? माउली, देवाला न सांगता कळते. माणसाला सांगावे लागते. आपण एकादशीला जागर करतो. मी निजलो असताना त्या बाई माझ्या उशाशी नाडी, रक्तदाब, प्राणवायू पाहत जाग्या होत्या. तोही जागरच. जो आपल्यासाठी जागतो त्याला खोटे सांगून निजणे ही शरणागती नव्हे, फसवणूक आहे. आणि त्यात फसतो आपलाच देह.

म्हणून तंबाखू, मिश्री, काढे, चूर्ण, हलणारा दात, काही लपवू नका. न विचारताही सांगा. शस्त्रक्रियेआधी प्रसाद आला तर मस्तकी लावून उशाशी ठेवा. मी तो नंतर, बाईंनी परवानगी दिल्यावर, चिमूटभर घेतला. त्याची गोडी तसूभरही कमी झाली नव्हती.

पुंडलीक वरदा हरी विठ्ठल!