आई कुणाकडे असते?

एका इंग्रजी कथेचा अनुवाद करत होतो. वाक्य अगदी साधं होतं. एका प्रौढ बाईला अजून आई आहे, एवढंच सांगणारं. क्रियापद 'हॅव', भूतकाळी. मी लिहिलं, 'तिची आई अजून होती.' मग खोडून 'आई अजून तिच्याजवळ होती' केलं. मग 'तिच्याकडे होती'. तीन वाक्यांच्या तीन वेगळ्या कथा झाल्या. पहिलीत आई जिवंत आहे, दुसरीत मायेची ऊब आहे, तिसरीत बहुधा भावाशी झालेली वाटणी आहे. मूळ लेखिकेला यातली कुठलीही निवड करावी लागली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. परिचित गृहस्थ होते. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "आई हल्ली कुणाकडे असतात?" मी म्हटलं, "माझ्याकडे." आई पलीकडच्या खोलीतच होती.

'हॅव'ला मराठीत एक शब्द नाही. इंग्रजीत भाऊ, पैसा, ताप, घर, शंका, सवड हे सगळं एकाच क्रियापदाच्या दावणीला बांधता येतं आणि दावं धरणारा 'मी' वाक्याच्या तोंडाशी उभा असतो. आपल्याकडे मला दोन भाऊ असतात, माझ्याकडे पैसे असतात, अंगात ताप असतो, घर माझ्या नावावर असतं आणि धमक असलीच तर माझ्यात असते. 'माझ्याकडे दोन भाऊ आहेत' म्हटलं तर ऐकणारा विचारील, किती दिवस मुक्काम? या सगळ्या वाक्यांत जे आहे ते कर्त्याच्या जागी बसतं. 'मी' कुठल्यातरी विभक्तीत, नाहीतर शब्दयोगी अव्ययाला धरून, बाजूला उभा.

हे मराठीचंच वैशिष्ट्य नाही. हिंदीत भाऊ 'मेरे' असतात आणि किताब 'मेरे पास'. तमिळमध्ये भाऊ 'एनक्कु', पैसे 'एन्किट्ट'. बंगालीत नुसतं 'आमार' आणि 'आमार काछे' यांत असाच फरक होतो. भाषांची कुळं वेगळी, पण हिशेब जवळपास सारखा. लॅटिनमध्येही 'मला पुस्तक आहे' याच घडणीचं वाक्य होतं. त्याच्या शेजारी 'हाबेरे' हे क्रियापद नांदत होतं, आणि पुढे फ्रेंच-इटालियनमध्ये त्याचंच राज्य झालं. गंमत म्हणजे इंग्रजी 'हॅव' आणि हे 'हाबेरे' दिसायला जुळी भावंडं, पण रक्ताचं नातं नाही. 'हॅव'चं मूळ पकडणे, हस्तगत करणे या अर्थाच्या धातूत आहे. 'हाबेरे'चा संबंध भाषाशास्त्रज्ञ इंग्रजी 'गिव'शी, म्हणजे देण्याशी जोडतात.

अशा ठिकाणी आपल्या संस्कृतीबद्दल चार गोड वाक्यं लिहायचा मोह होतो. एरिक फ्रॉम यांनी 'टू हॅव ऑर टू बी?' या १९७६च्या पुस्तकात या बाजूने युक्तिवाद केला आहे. 'हॅव'ला शब्द नसलेल्या भाषा त्यांना दिसल्या आणि हा शब्द खाजगी मालमत्तेबरोबर वाढला असावा असं त्यांनी सुचवलं. वाचायला छान वाटतं. पण बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली ती संस्कृतात, आणि संस्कृतातही 'हॅव'ला सरळ प्रतिशब्द नाही. तरी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच कसा उभा राहतो, वाटण्या कशा करायच्या, याचा कीस त्यात पाडलेला आहे. सातबाऱ्यावरच्या नावासाठी सख्खे भाऊ तीस-तीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, तेही मराठीतच. क्रियापद नसल्याने हाव कमी झाल्याचा पुरावा निदान मला तरी सापडलेला नाही.

शिवाय, सकर्मक क्रियापदं आपल्याकडे अगदीच नाहीत असं कुठे आहे? 'बाळगणे' आहे. वर्तमानपत्रात ते अमली पदार्थ किंवा विनापरवाना पिस्तूल यांच्याबरोबर येतं, एरवी आशा, भीती आणि राग यांच्याबरोबर. 'ठेवणे' आहे. बँकेत ठेव ठेवतात, घरात गडी ठेवतात. आणि पूर्वी 'त्याने बाई ठेवली आहे' असं लोक खालच्या आवाजात म्हणत. त्या बाईला 'ठेवलेली' म्हणत. माणसाची वस्तू करायला मराठीला इंग्रजीची मदत लागलेली नाही.

पण मला छळतं ते 'कडे'. ते ठेवण्याइतकं उघडंवाघडं नाही. 'आई धाकट्याकडे असते' या वाक्यात व्याकरणाने आईला कर्तेपद दिलं आहे. पण ती कुठे असणार हे ठरवणारा 'कडे'च्या आधी बसलेला असतो. पाहुण्याला, उसन्या आणलेल्या शिडीला, शेजाऱ्यांनी गावाला जाताना दिलेल्या किल्लीला हेच अव्यय चालतं. घर थोरल्याच्या नावावर आणि आई धाकट्याकडे, हे वाक्य कितीतरी घरांत नुसतं माहिती म्हणून बोललं जातं. अशा घरांसाठी २००७ साली केंद्राला कायदा करावा लागला. सांभाळण्याच्या अटीवर आईवडिलांनी घर लिहून दिलं आणि मुलांनी सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवता येतो. म्हणजे 'नावावर' आणि 'कडे' यांची गाठ कायद्याने मारून दिली आहे. तशी वेळ यावी हे वाईटच, पण गाठ आहे हे बरं.

'दीवार' (१९७५) आठवा. थोरला भाऊ आपली मालमत्ता मोजून दाखवतो, गाडी, बंगला, सगळं. धाकटा चार शब्दांत आई मोजतो. ते चार शब्द देशाला पाठ आहेत. हिंदीच्या रिवाजाने आई 'मेरी' असायला हवी. धाकटाही तिला 'पास'मध्ये घालतो, म्हणजे थोरल्याच्याच यादीत बसवतो. टाळ्या त्यालाच पडतात. त्या आईच्या बाबतीत एक गोष्ट मात्र वेगळी होती: थोरल्याचं घर सोडून धाकट्याबरोबर जायचं तिने स्वतः ठरवलं होतं. आणि जीव थोरल्यातच अडकलेला होता, हेही पटकथा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं.

'जवळ' हा शब्द बरा वाटतो. मी आईजवळ असतो आणि आई माझ्याजवळ असते, यात घर कुणाचं ते कळत नाही. म्हणून कथेतल्या वाक्यात शेवटी 'जवळ' ठेवावं असं ठरवत होतो. पण त्या कथेतली बाई आईवर वैतागलेली होती. 'जवळ' लिहिणं म्हणजे तिच्या वतीने खोटं बोलणं झालं असतं.

संध्याकाळी आई मावशीशी फोनवर बोलत होती. पुढच्या महिन्यात सगळे येणार, वगैरे. मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा ती म्हणत होती, "तूही ये की चार दिवस माझ्याकडे." मग मला पाहून थांबली आणि म्हणाली, "म्हणजे, इथे."