डाग कुणाचा?



आता पुष्कळ घरांत लॅपटॉप असतो. त्याची स्क्रीन चकचकीत असली की रंग खुलून दिसतात, पण खिडकी, दिवा आणि आपला चेहराही तिच्यात उमटतो. साध्या काचेवर समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे 4 टक्के प्रकाश तिच्या पृष्ठभागावरून परत फिरतो. स्क्रीनवरचे चित्र उजळ असेल तर हे प्रतिबिंब लपते. चित्र काळोखे झाले की आपणच आपल्याला दिसू लागतो.

माणसांच्या बाबतीतही असेच घडते. ज्याच्याविषयी आपल्याला फार थोडे ठाऊक असते, त्याच्या ठिकाणी आपलाच राग, आपलाच मत्सर आपल्याला दिसतो. कोणतीही गोष्ट स्वीकारणाऱ्याच्या घडणीप्रमाणे स्वीकारली जाते, असे तत्त्व संत थॉमस अक्वायनस (1225–1274) मांडत. मग शेजाऱ्यात मला दिसणारा दोष त्याचा किती आणि माझा किती?

या प्रश्नाचा गैरवापरही होतो. घरात मार खाणाऱ्या स्त्रीला किंवा मजुरी बुडालेल्या कामगाराला ‘दोष तुझ्या नजरेत आहे’ असे सांगणे म्हणजे अन्यायावर दुसरा अन्याय करणे होय. सर्वच डाग पाहणाऱ्याचे नसतात.

डाग कुणाचा हे ओळखायचे कसे? आधी जागा बदलून पाहावे. प्रतिबिंब असेल तर ते सरकते. मग मऊ कापडाने स्क्रीन पुसावी. धूळ आणि बोटांचे ठसे निघून जातात. माणसांविषयीच्या ऐकीव गोष्टी अशाच असतात; ते दुसऱ्यांच्या बोटांचे ठसे. एवढे करूनही जो ठिपका जागचा हलत नाही, तो स्क्रीनचाच. मग तो ओरखडा असो वा निकामी झालेला पिक्सेल. त्याला दोष म्हणणे म्हणजे निंदा नव्हे, ते सत्य आहे.

प्रभू येशूने आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढायला सांगितले (मत्तय 7:5), ते भावाच्या डोळ्यातले कुसळ तसेच राहू द्यावे म्हणून नव्हे. ते स्पष्ट दिसावे आणि हळुवार हाताने काढता यावे, यासाठी सांगितले.

या आठवड्यात कुणाविषयी बोलण्यापूर्वी आपण स्वतःला विचारू या: मी त्याच्या बाजूने पाहिले का? ऐकीव गोष्टी पुसल्या का? आणि तरीही दोष उरला, तर तो चारचौघांत न बोलता त्यालाच प्रेमाने सांगण्याचे, आणि कुणाचा छळ होत असेल तर त्याच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य प्रभू आपणांस देवो.