मूळ प्रत

एका तालुक्याच्या गावी एक शाळा होती. तिच्या पहिल्या चित्रकला शिक्षकांनी काळ्या शाईनं शाळेचं बोधचिन्ह काढलं होतं. पाच वातींची समई, खाली उघडं पुस्तक आणि वर कमानीसारखं वळवलेलं शाळेचं नाव. मूळ चित्र कार्यालयातल्या लोखंडी कपाटात कुठेतरी पडून होतं. त्याची आठवण कुणाला होत नसे, कारण चिन्ह सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होतं.

ते मोबाइलमध्ये आलं असं. कुणीतरी लेटरहेडचा फोटो काढून शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. दुसऱ्यानं त्याचा स्क्रीनशॉट घेऊन कडा कापल्या आणि पुढे पाठवला. तिसऱ्यानं तो प्रगतिपुस्तकावर लावला, चौथ्यानं तिथून उचलून ओळखपत्रावर. दर वेळी चित्र जेपीईजी म्हणून नव्यानं साठवलं गेलं आणि दर वेळी त्यातलं थोडं काही गळलं. १९९२ सालच्या या पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा टाकून देतात. त्यामुळे फाइल हलकी होते. स्नेहसंमेलनाच्या फोटोला हे उत्तम चालतं, कारण चेहऱ्यावरचे, आकाशातले रंग हळूहळू बदलतात. पण पांढऱ्या कागदावरची काळीभोर रेष अशी पुन्हा पुन्हा साठवली की तिच्या कडेनं मळकट ठिपके साचतात.

शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. प्रवेशद्वारावर वीस फुटी कमान लावायची ठरली. एक तरुण सर मोबाइल घेऊन फ्लेक्सच्या दुकानात गेले. दुकानातल्या काकांनी चित्र कोरलड्रॉमध्ये घेऊन मोठं केलं. पाच वातींची एकच ज्योत झाली होती आणि नावातली जोडाक्षरं एकमेकांत मिसळली होती.

"काका, अजून मोठं करून घ्या ना," सर म्हणाले.

"मोठं होईल, सर. चांगलं होणार नाही. याची रुंदी तीनशे ठिपक्यांची आहे. ओळखपत्रावर एक इंच छापायला तेवढे पुरतात. वीस फुटांवर तेच ठिपके ताणले जातील. शिवाय कमान निळी आहे. जेपीईजीला पारदर्शक जागा ठेवता येत नाही, म्हणून चिन्हाभोवती हा पांढरा चौकोनही छापला जाईल."

सर हिरमुसले, पण हटले नाहीत. पीएनजी चांगलं असतं असं त्यांनी ऐकलं होतं. रात्री बसून त्यांनी चित्र पीएनजीत बदललं. फाइल चौपट जड झाली, तेव्हा त्यांना हायसं वाटलं. सकाळी काकांनी ती उघडली, तर तीच ज्योत, तेच मळकट ठिपके.

"पीएनजी काही टाकून देत नाही, हे खरं आहे," काका म्हणाले. "पण तुम्ही जे दिलंत तेच तिनं जपलं. ताकात घातलेलं पाणी भांडं बदलून निघत नाही, सर. मूळ कुठंय?"

सर मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. बाईंनी शिपायाला बरोबर घेऊन कपाट उपसलं. जुन्या हजेरीपटांच्या खाली पुठ्ठ्यात गुंडाळलेलं चित्र निघालं. कागद पिवळा पडला होता, पण शाई जशीच्या तशी होती. पाचही वाती वेगळ्या मोजता येत होत्या. ज्या हातानं इतक्या निगुतीनं ते चित्र काढलं, त्याचं काम आपण इतकी वर्षं पुसट करत आलो, याचं बाईंना फार वाईट वाटलं. मला ते वाटणं योग्यच वाटतं.

काकांनी चित्र स्कॅन केलं आणि दोन दिवस बसून एकेक रेष हातानं पुन्हा बांधली. "आता यात ठिपके नाहीत," ते म्हणाले. "रेष कुठून निघते, कशी वळते, कुठे थांबते, याचं गणित आहे. नखाएवढं छापा की भिंतीएवढं, धार तीच. नावाची अक्षरंही कर्व्ह करून ठेवली आहेत. तुमच्या कॉम्प्युटरवर कुठला फॉन्ट असो नसो, वेलांटी हलणार नाही."

मग त्यांनी त्याच रेखाटनाच्या फाइली काढून दिल्या. छापखान्यासाठी पीडीएफ, वेबसाइटसाठी एसव्हीजी, पत्रांवर लावायला पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी. देताना बाईंना म्हणाले, "बाई, आधी विचारायचं, हे कुठे जाणार आणि कोण बघणार. रूप त्यावरून ठरवायचं. मूळ प्रत मात्र कुणाच्या हाती द्यायची नाही, तिची नक्कल द्यायची. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं."

बाईंनी हे बोलणं चिन्हापुरतं ठेवलं नाही. शाळेच्या सूचनाही चित्रं बनूनच जात होत्या, रंगीत चौकटीत, फुलांच्या नक्षीत. पाचवीतल्या एका मुलीची आजी डोळ्यांनी अधू होती. तिचा फोन आलेला निरोप वाचून दाखवायचा, पण चित्रातली अक्षरं त्याला वाचता येत नसत. त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही ती नातीला घेऊन फाटकाशी यायची आणि कुलूप बघून परत जायची. शाळेत कुणाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. आईवडील ऊसतोडीला गेलेल्या त्या पोरीचा शाळेशी असलेला सगळा दुवा म्हणजे ती आजी. तिच्यापर्यंत न पोचणारी सूचना कितीही देखणी असली तरी काय उपयोगाची?

बाईंनी ठरवलं, सूचना निरोपातच अक्षरांत लिहायची. सजवलेलं चित्र हवं तर सोबत जोडायचं. भरून द्यायचे अर्ज पीडीएफमध्ये. कार्यक्रमाचे फोटो जेपीईजीतच, कारण ती जागा तिचीच.

महोत्सवाच्या आदल्या रात्री पाऊस झाला, मांडव भिजला. बाईंनी ग्रुपवर दोन ओळी टाइप केल्या: कार्यक्रम नऊऐवजी अकराला, मुलांना डबा देऊ नये, जेवण शाळेत आहे. दुसऱ्या दिवशी अकराला पाच मिनिटं कमी असताना आजी नातीचा हात धरून कमानीखालून आत आली. पोरीच्या हातात डबा नव्हता.