गाडी ओढत नाही

मोटरसायकलची शक्ती कमी झाल्याची तक्रार गॅरेजमध्ये दोन तऱ्हांनी येते. ‘पिकअप नाही’ ही एक आणि ‘स्पीड पकडत नाही’ ही दुसरी. ऐकायला दोन्ही सारख्या, पण त्यांचे वजन वेगळे आहे. हवेचा विरोध तोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी ८५ किलोमीटरने पळणारी १०० सीसीची गाडी ७० वर अडकू लागली, तर वेग १८ टक्क्यांनीच घटलेला असतो. शक्ती मात्र ४० टक्क्यांच्या आसपास गेलेली असते. उलट १० टक्के शक्ती गेली, तर काट्यावर तीनेक किलोमीटरचाच फरक पडतो, आणि तेवढा फरक समोरचा वारासुद्धा पाडतो. म्हणून सुरुवातीची घट ओळखायची तर वेगाच्या काट्यापेक्षा रोजच्या रस्त्यावरचा ओळखीचा चढ हे अधिक चांगले माप आहे.

रोज चालवणाऱ्याला ही घट बहुधा कळतच नाही. मूठ नकळत थोडी जास्त पिळली जाते, चढावर गियर थोडा आधी उतरवला जातो, आणि एखाद्या दिवशी दुसरा कोणी गाडी घेऊन जातो तेव्हा तो परत येऊन विचारतो की हिला झाले काय. मालकाचे ‘कालपर्यंत चांगली होती’ हे म्हणणे त्यामुळे जपूनच घ्यावे लागते. तरीही शक्ती अचानक गेली की हळूहळू, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. क्लच प्लेट, रिंग, व्हॉल्व्ह आणि एअर फिल्टर महिनोन्‌महिने झिजतात किंवा तुंबतात. जेटमध्ये अडकलेला कण, सैल झालेली प्लगची कॅप किंवा तुटू लागलेली केबल मात्र एका दिवसात गाडी बसवते.

निदानातला पहिला फाटा इंजिनाच्या बाहेरच आहे. शक्ती तयारच होत नाही, तयार होते पण चाकापर्यंत पोचत नाही, की पोचून वाटेत खाल्ली जाते? शेवटची शक्यता तपासायला पाना लागत नाही. गाडी डबल स्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवावे. ते दोन-तीन फेरे सहज फिरले नाही, तर ब्रेक लायनर ड्रमला घासतो आहे, चेन जास्त ताणलेली आहे किंवा बेअरिंग गेले आहे. थोडे अंतर ब्रेक न लावता चालवून ड्रमजवळ हात नेला, तरी उष्णता सगळे सांगते. टायरमधली कमी हवा तर इतकी साधी गोष्ट आहे, की ती तपासायची राहून जाते.

शक्ती पोचत नाही, याचा जवळजवळ एकच अर्थ असतो: क्लच घसरतो. वरच्या गियरमध्ये ताशी ४० च्या वेगावर मूठ पूर्ण पिळली, की इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग मागे राहतो. प्लेटा झिजल्या असतील, पण त्याआधी क्लचच्या दांडीला मोकळी चाल आहे का, ते पाहावे. ती नसेल तर क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो, आणि केबल सैल करण्याचे काम पाच मिनिटांचे आहे. दुसरे कारण तेलात असते. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. मोटारींच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती इंजिनाला मानवतात, क्लचला नाही. गियरच्या मोटरसायकलसाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असा शिक्का असलेले तेल घ्यावे, ते यासाठी.

हे सगळे ठीक निघाले तरच इंजिनाकडे वळावे. हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब या चार गोष्टींवर ते चालते. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते, आणि ती सगळी एका तळहाताएवढ्या फिल्टरमधून जाते; रस्त्यावरची धूळ पाहता फिल्टरवर पहिला संशय घेणे योग्यच आहे. चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेते तेव्हा प्लगला त्याच मिनिटात ४,००० वेळा पेट घडवावा लागतो. संथ फिरताना ठणठणीत वाटणारी कॉइल या घाईत किंवा तापल्यावर मार खाते.

म्हणून ‘गाडी केव्हा बसते’ हा प्रश्न ‘काय झाले’ यापेक्षा जास्त उपयोगी आहे. हळू चालताना ठीक आणि मूठ पूर्ण उघडल्यावर गुदमरते, तर मुख्य जेट किंवा पेट्रोलची वाट तुंबलेली असण्याचा संभव मोठा. थंड असताना ठीक आणि तापल्यावर मरते, तर कॉइल किंवा घट्ट टॅपेट. काही किलोमीटर नीट जाते, मग दमते, थांबवून टाकीचे झाकण उघडले की पुन्हा पळते, तर झाकणातले हवेचे बारीक छिद्र बुजलेले आहे: टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल खाली उतरत नाही. या एका छिद्रापायी कित्येक कार्बोरेटर विनाकारण उघडले गेले असतील. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत, उदाहरणार्थ आरएक्स १०० मध्ये, सायलेन्सरमध्ये साचलेला काजळीचा थरही पुरेसा असतो. आत येणाऱ्या हवेइतकीच बाहेर जाणाऱ्या धुराची वाट मोकळी लागते.

लक्षणावरून कारणाकडे जाण्याच्या या प्रवासात नेमकी चूक कुठे होते, हे न्यायशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, अग्नीवरून धुराचे नाही. कारण धुराला ओले इंधन लागते. या जास्तीच्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. फिल्टर तुंबला की शक्ती जाते हे खरे. पण शक्ती गेली म्हणून फिल्टरच तुंबला, हे खरे नाही. प्लगचे वाचनही असेच. फिकट तपकिरी रंग चांगला, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी, हे कोष्टक सर्वांना पाठ असते. पण ते लागू पडते ते गाडी जोरात पळवून तिथेच बंद केली तर. सिग्नलवर आणि गॅरेजच्या दारात पाच मिनिटे नुसते फिरणारे इंजिन चांगल्या प्लगलाही काळे करते.

त्याच शास्त्रातली अन्वय-व्यतिरेकाची जोडी गॅरेजमध्ये अर्धीच वापरली जाते. नवा प्लग घातला, गाडी पळू लागली: हा अन्वय. तेवढ्यावर प्लग दोषी ठरत नाही, कारण प्लग बदलताना कॅपही घट्ट बसलेली असते. जुना प्लग पुन्हा लावून दोष परत आला, म्हणजे व्यतिरेकही दिसला, तरच प्रमाण पुरे. हे करायला दोन मिनिटे लागतात, आणि गिऱ्हाईक ताटकळत असल्याने कोणी करत नाही. फिल्टर, प्लग, तेल आणि कार्बोरेटरची सफाई एका दमात उरकणाऱ्या सर्व्हिसिंगने गाडी सुधारते, पण कारण हाती लागत नाही. तीच तक्रार महिन्याने परत आली, की शोध पहिल्यापासून सुरू होतो.

चौथी गोष्ट दाबाची, आणि खर्चाची भीती तिथेच असते. निळसर धूर आणि तेलाची घटती पातळी झिजलेल्या रिंगांकडे किंवा व्हॉल्व्हच्या सीलकडे बोट दाखवते. टॅपेटची फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. ती आवाज करते म्हणून गरजेपेक्षा घट्ट केली, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. किंचित वाजणारी टॅपेट त्यापेक्षा बरी. अंदाज करण्याची गरजही नाही. प्लगच्या जागी मापक लावून, मूठ पूर्ण उघडी ठेवून किका मारल्या की आकडा मिळतो. तो कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर गळती रिंग-बोअरमधून, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमधून.

एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर बहुतेक मोटरसायकलींतून कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आले. संवेदकाचा दोष आता गाडीतला संगणक मीटरवरचा दिवा लुकलुकवून कळवतो. पण त्या संगणकाला घासणारा ब्रेक, घसरणारा क्लच किंवा टायरमधली कमी हवा दिसत नाही. दिवा लागला नाही म्हणजे गाडी निर्दोष, असे समजणे चूक आहे.

काही वेळा तर दोष नसतोच. उंचीबरोबर हवा विरळ होते आणि दर हजार मीटरला शक्ती साधारण दहा टक्क्यांनी घटते. लडाखमध्ये पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडीत इंजिनाला जवळपास अर्ध्याच शक्तीवर चढावे लागते. इंजेक्शनवाली गाडी तिथे पेट्रोल कमी करून घेते, कार्बोरेटरवाली काळा धूर सोडते. नसलेली हवा कोणीच आणू शकत नाही. तिथे जेटिंगशी खेळ करून घेतलेल्या गाड्या खाली उतरल्यावर कमी पेट्रोलावर चालून तापतात.

साध्या तपासण्या संपल्यावरही गाडी ओढत नसेल, तर हेड उघडायला होकार देण्याआधी मेकॅनिककडे दाबाचा आकडा मागावा, कोरडा आणि तेल सोडल्यानंतरचा, दोन्ही.